खरजेचं घर

आप्पांनी मला पयल्यांदा ठोकलं ते हेल्मेटवर. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत एक काम संपवून मी घराकडं निघालतो, गाडीला किक मारत हुतो, तवर मागनं टक् टक् आवाज आला. वळून बघतोय तर पांढरी टोपी, तीन बटनांचा पांढरा शर्ट, हातात बारकी हातोडी आन कान माझ्या डोक्याकडं लावलेला, असा एक म्हातारा.

"चांगल्यातलं न्हाई हे," त्येनी सांगितलं. "आवाज फुटतोय."

"आवं काका, आत डोस्कं हाय माझं."

"मंग डोस्क्याचा आसंल."

हे म्हनून म्हातारा माझ्याच भिंतीकडं वळला. म्हंजे मी नुकताच गिलावा केलेल्या भिंतीकडं. वरपासनं खालपतुर ठोकत गेला. अर्धा तास. मी गाडीवर तसाच. शेवटाला म्हनला, "ही भिंत कुनी केलीया?"

"मीच की."

"एक जागा पोकळ न्हाई. भिंत खरी हाय म्हंजे करनारा मानूस खरा हाय. उद्या माझ्या घरात या."

त्येनी घराचा पत्ता सांगितला तशी मी हेल्मेटची काच खाली वडली. कारन ते घर मला म्हाईत हुतं. ह्यो म्हातारा पन मला म्हाईत हुता. त्येला मी म्हाईत न्हवतो, कारन बावीस वर्षांपूर्वी मी काटकुळा हुतो आन डोक्यावर मानेपतुर केस हुतं. आता केसाच्या जागी हेल्मेट आन काटकुळ्याच्या जागी पोट.

आप्पा आता न्हाईत. पन मला जगात खरा मानूस म्हननारा त्यो एकच, आन त्येला सुदा मी बावीस वर्षं फसवलंतं. म्हनून सांगतोय.

आप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासनीला हुते. लोखंड वतायचं, गार झालं की नग आप्पांच्या टेबलावर यायचा. आप्पा त्येला हातोडीनं ठोकायचे आन कान लावायचे. चांगला नग घंटंगत वाजतो. आत चीर असली, पोकळी असली, की बद्द बोलतो. बद्द बोलला की आप्पा त्येच्यावर खडूनं फुली मारायचे. कामगार काय करायचे, नगाला भोक पडलं की त्यात पुट्टी भरायचे आन वरनं रंग मारायचे. डोळ्याला कळायचं न्हाई. आप्पांच्या कानाला कळायचं. सारी नोकरी अशीच गेली. रिटायर झाले तवा शाल आन नारळ दिला. आप्पांनी स्टेजवरच नारळ ठोकला आन मालकाला सांगितलं, "नासका हाय." घरात येऊन फोडला. नासकाच निघाला.

तवापासनं आप्पांपुढं नग ऱ्हायले न्हाईत, पन हातोडी ऱ्हायली. मंग जे समोर येईल ते ठोकायचं. मंडईत कलिंगडं. बाजारात गुळाचा रवा, म्हंजे ढेप. नवीन फ्रीज आला तर त्यो उतरवायच्या आदी टेम्पोतच ठोकला आन फ्रीजवाल्याला म्हनले, "ह्याचं मागचं अंग बद्द हाय." त्यो बिचारा म्हनला, "काका, मागं मशीन हाय त्येचं." मुरगूडला पावन्यात जायचं असलं की एसटीत चढायच्या आदी चाकं ठोकायची. कंडक्टर वराडायचा, "आप्पा, चढतासा का सोडू गाडी?"

एकदा छातीत दुखायला लागलं म्हनून डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं पाठीवर बोटं ठेवून ठोकलं. आप्पांनी इचारलं, "कसा आला आवाज?"

"बरा हाय की."

"डोळं झाकून ठोका. डोळं उघडं असलं की कान आळशी हुतोय."

आन डॉक्टरनं डोळं झाकून परत ठोकलं, असं आक्का सांगायच्या. आक्का म्हंजे आप्पांची बायको. बारीक अंगाची, कपाळाला मोठं कुंकू, आन बोलायला आप्पांना भारी. "मानसानं बायको बघायला जावं तर नाव इचारावं, सैपाक येतो का इचारावं," त्या म्हनायच्या. "ह्येनी आमच्या बाच्या सोप्याची भिंत ठोकली. मी आतनं ऐकतोय, म्हटलं सुतार आलाय जनू."

आप्पांच्या तोंडात एकच शिवी. पुट्टी. गल्लीतला नगरसेवक पुट्टी. टीव्हीवरची साबनाची जाहिरात पुट्टी. लग्नात तोंड रंगवून बसलेला नवरदेव दिसला की हळूच आक्कांच्या कानात, "पुट्टी हाय गं." झाकलेलं कायबी त्येना खपायचं न्हाई. उशीला अभ्रा घातलेला सुदा काढून आतली उशी बघायचे.

आन अशा मानसाच्या घराला मी तसला गिलावा केलता.

घर जुनं, बैठं, कौलारू. दोन हात जाडीच्या भिंती, पक्क्या भाजलेल्या इटा, पन मातीत बसवलेल्या. गल्लीकडची भिंत तेवढी सगळ्यांना दिसायची, आन तीच दिसू नये अशी हुती. अक्ख्या भिंतीवर सिमेंटचं गोळं. कुठं लिंबाएवढं, कुठं बटाट्याएवढं, मधीच वाळूचं खड्डं. त्येच्यावर एकदा पिस्ता रंग मारलेला, त्यो पावसानं उतरून, शेवाळ धरून, काळा-हिरवा झालेला. सगळी गल्ली त्येला खरजेचं घर म्हनायची. पत्ता सांगायचा तर "खरजेच्या घराच्या पुढं दोन घरं." एकदा पार्सलवाला आप्पांनाच इचारायला लागला, "काका, खरजेचं घर कुठलं?"

"ह्येच," आप्पा म्हनले. "ये, खाजव."

आता हे गोळं आलं कुठनं ते सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी मी मिस्त्री न्हवतो. माल कालवनारा बिगारी हुतो. आमचा मिस्त्री गावच्या जत्रंला गेला आन तेवढ्यात आप्पा इचारत आले, की मिस्त्री कोन हाय. मी म्हनलो, मीच. शाळंत चौथीत दोनदा नापास झालो तवा पन मास्तरांना मी असंच छातीठोक उत्तर द्यायचो. आप्पांना सांगायचं काम सोपं हुतं. जुना चुन्याचा गिलावा काढायचा, साधा सिमेंटचा करायचा. आप्पा सकाळी ड्यूटीवर गेले. मी पहार घेतली. चुना छन्नीनं हळूहळू काढायचा असतो, हे मला कुनी सांगितलं न्हवतं, आन मी इचारलं न्हवतं. मिस्त्री कुनाला इचारतो काय? दिली पहार घालून. गिलाव्यासंगट इटा आल्या. मातीतल्या इटा, एक निघाली की दुसरी ढिली. बघता बघता तेवढ्या जागंतली भिंतीची बाहेरची निम्मी जाडी धाडदिशी खाली. म्हशीचं रेडकू आत उभं ऱ्हाईल एवढी खबदाड पडली. नशीब, आतली निम्मी भिंत तशीच उभी.

आतनं आक्का वराडल्या, "काय पडलं वं?"

"घमेलं पडलं, आक्का!"

आप्पा यायला चार तास हुते. इटा फुटलेल्या, नव्या बसवायला मला येत न्हवतं. मंग जे हाताला लागलं ते कोंबलं. मागच्या बोळात उसाचं पाचट हुतं, ते कोंबलं. सिमेंटची रिकामी पोती कोंबली. फुटकी कौलं. पायानं दाबत हुतो तर डाव्या पायातलं चप्पल आत गेलं, ते तितंच ऱ्हाऊ दिलं. वरनं इटांच्या तुकड्यांचं एक पातळ कातडं लावलं आन गिलावा थापला. पन तेवढा भाग पोट आल्यागत फुगलेला दिसायला लागला. साधा गिलावा केला असता तर आंधळ्याला पन दिसलं असतं. तवा मला इचलकरंजीत एका बंगल्यावर बघितलेला खडबडीत गिलावा आठवला. खराटा मालात बुडवायचा आन भिंतीवर शिंतडायचा. मी अक्ख्या भिंतीवर शिंतडला. सगळीकडंच गोळं असलं की एक पोट कोन बघतंय?

संध्याकाळी आप्पा आले. भिंतीकडं बघितलं. "हे काय?"

"डिझाइन हाय. नवीन आलंय."

आप्पा ड्यूटीनं दमलेले, त्या दिवशी ठोकलं सुदा न्हाई. आक्का म्हनल्या, रंग मारला की बसंल. मी एक चप्पल घालून घराकडं गेलो आन परत त्या गल्लीत बावीस वर्षं पाय ठेवला न्हाई. पुढं खरोखरच मिस्त्री झालो. चांगला झालो. पन शुक्रवारात काम निघालं तरी ती गल्ली चुकवून मी लांबच्या रस्त्यानं जायचो. घरात बायकोला सगळं म्हाईत हुतं. कारन एक चप्पल कुठं गेलं ह्याचं उत्तर बायकोला द्यावंच लागतं.

तर आता आप्पांच्या घरात मला परत बोलावनं. जायचं न्हाई असं ठरवलं आन गेलो. कारन मला आत एक दुसरंच वाटत हुतं. आप्पा पत्ता देतानाच बोलून गेलते, की त्येंचा ल्योक पुन्यात असतो, त्येनं फोनवर सांगितलंय, की समोरनं चांगल्या फरश्या न्हाईतर शीट लावून टाका, खर्च मी बघतो. मला वाटलं, देव पावला. एकदा त्येच्यावर शीट बसलं की माझं पाप कायमचं आत.

पन आप्पा म्हनले, "झाकायचं न्हाई. सोलायचं."

"आप्पा, शीट लई भारी दिसंल. बँकंगत."

"मला बँकेत ऱ्हायचं न्हाई."

"सोलायला गेलं तर इटांचं नुकसान हुईल."

"हुंदे."

"धुरळा लई उडंल. आक्कांना खोकला..."

"मला कसला खोकला?" आतनं आक्का. "मी बरी हाय की!"

चार दिवस मी अशी कारनं काढत हुतो. सकाळी जायचो, च्या घ्यायचो, भिंत मोजायचो, परत मोजायचो. आन रोज सकाळी एक कार्यक्रम असायचा. आप्पा अंगनात दात घासत उभं ऱ्हायचे आन भिंतीकडं बघून त्यो गिलावा करनाऱ्या मिस्त्रीला शिव्या द्यायचे. बावीस वर्षांचा नेम. आक्का म्हनल्या, पूजा चुकंल पन ह्ये चुकायचं न्हाई. आता मी शेजारी बसलेलो. गप बसलो तर संशय. मंग मी पन द्यायला लागलो.

"हात झडावं त्येचं," आप्पा म्हनायचे.

"झडावंच. पन दोन्ही नको, आप्पा. एक बास."

"किडं पडावं त्येला."

"किडं नको. घरात बायको-पोरं असतील."

"तुला त्येची लई दया येती?"

"दया न्हाई वं. जेवढं केलंय तेवढंच मिळावं, एवढंच."

आप्पा माझ्याकडं बघायचे आन म्हनायचे, "तू लई मऊ काळजाचा हायस. तुझी भिंत बघूनच कळलतं मला." आन मी त्या च्यात तोंड घालायचो.

पाचव्या दिवशी ल्योकानं पाठवलेला इंजिनेर आला. शीटचं वजन भिंतीला झेपतंय का ते बघायला. तरना पोरगा, पन कामाला चोख. त्येनं वरपासनं खालपतुर बघितलं. मी केलेलं भिंतीचं जे पोट हुतं तितनं एक भेग निघून कौलापतुर गेलती, दुसरी खाली जोत्यापतुर. आतलं पाचट कुजून बसलंतं, त्येनं सगळं ओढलंतं. इंजिनेरनं ठोकून बघितलं. ढब ढब.

"भिंतीचे दोन पदर सुटल्यात," त्येनं सांगितलं. "बाहेरची भिंत आतल्या भिंतीपासनं अलग झालीया. शीट राहू दे, हितं मानसानं राहनं बरोबर न्हाई."

"सुटलेली न्हाई," आप्पा म्हनले. "चार हात जागा तेवढी बद्द हाय, तितला गिलावा सुटला असंल. बाकी सगळी भिंत खणखणीत बोलत्या. ऐका की." आन ठोकून दावायला लागले.

इंजिनेर चांगला मानूस. त्येनं ऐकलं. पन म्हनला, "काका, आवाजावर मी कागद देऊ शकत न्हाई."

त्येनं ल्योकाला फोनवर सगळं सांगितलं. मंग ल्योक आप्पांशी बोलला. मोठ्यानं बोलायचा, म्हनून मला पन ऐकू आलं. "आप्पा, तुम्ही दोघं तिथं झोपता आन इथं मला झोप न्हाई. दिवाळी झाली की इकडं या. घर विकून टाकू."

आप्पांनी एकदा पुन्यातलं ते घर बघितलतं. नववा मजला. तितल्या भिंती ठोकल्या तर शेजारी सारखा दार उघडून "कोण आहे?" इचारायचा. तिसऱ्या दिवशी त्येनं सोसायटीत तक्रार केली. आप्पा म्हनायचे, "तितं भिंतीला बोलता येत न्हाई आन मानसाला पन."

दुसऱ्या दिवशी मी माझं सामान न्यायला गेलो. आक्का शेजारनीला पाटा-वरवंटा देत हुत्या. "ने बाई, पुन्यात कुठं वाटू मी, खालचा मानूस वर यील भांडायला." हसत म्हनल्या, पन वरवंटा सोडंनात. शेजारीन एका बाजूनं धरून, ह्या एका बाजूनं. आप्पा अंगनात बसलेले. दात घासून झालंतं, पन शिव्या न्हाईत. हातोडी खिशात. मी पुढनं गेलो, हेल्मेट डोक्यावर, तरी ठोकलं न्हाई. नुसतं म्हनले, "मिस्त्री, कान गेला वाटतं माझा. एवढी वर्षं मी ठोकतोय आन मला वाटतंय भिंत खरी हाय. येडा झालो असंन."

मी घराकडं आलो. जेवायला बसलो. बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता इचारलं, "तुमी सांगतासा का मी जाऊन सांगून येतो?"

"कामं मिळायची न्हाईत गं. गल्लीगल्लीत कळंल. वीस वर्षांचं नाव हाय."

"नाव तुमचं हाय. घर त्येंचं हाय."

बाईमानूस एवढं बोलून भाकरी परतती.

सकाळी गेलो. आप्पा तितंच बसलेले.

"आप्पा, ती भिंत फुटलेली न्हाई."

"ऐकतंय कोन?"

"तसं न्हवं. तेवढ्या जागंत भिंतच न्हाई."

"म्हंजे?"

"तितं पाचट हाय. पोती हायत. फुटकी कौलं. एक चप्पल पन हाय, डाव्या पायातलं."

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. "तुला काय म्हाईत?"

"मीच भरलंय. ती शिंतडलेली खरूज पन माझीच. ते पोट दिसू ने म्हनून सगळ्या भिंतीला खरूज लावली."

मला वाटलं आता हातोडी डोक्यात बसती. हेल्मेट काढलं न्हवतं, मुद्दाम. पन आप्पा उठले आन आत तोंड करून वराडले, "आगं ये! बाहेर ये!" आक्का वरवंटा हातात घेऊनच आल्या. शेवटी दिला न्हवता वाटतं.

"मिस्त्री, किती जागा हाय ती?"

"रुंदीला तीन हात, उंचीला चार."

"मी इंजिनेरला किती सांगितलतं?"

"चार हात," आक्का म्हनल्या.

"बाकीची भिंत?"

"खणखणीत हाय आप्पा. तितल्या इटांना मी हात लावलेला न्हाई."

"ऐकलीस?" आप्पा आक्कांना म्हनले. असा आनंद मी लग्नातल्या नवरदेवाच्या तोंडावर बघितलेला न्हाई. "कान बरोबर हाय माझा! चार हात म्हनलतो, चार हातच निघालं!"

मंग थोड्या वेळानं बाकीचं त्येंच्या डोस्क्यात शिरलं.

"म्हंजे त्यो मुडदा तू?"

"व्हय."

"आन माझ्या शेजारी बसून, माझा च्या पिऊन, तू शिव्या देत हुतास?"

"थोड्या कमी करत हुतो, आप्पा."

आक्कांना हसू आवरंना. वरवंटा खाली ठेवला आन पदर तोंडाला लावला. "बरं झालं बाई ह्योच गावला. दुसऱ्या कुनाला कवा कळलं असतं कुठं काय कोंबलंय ते."

आप्पा हसले न्हाईत. त्येनी खिशातनं खडू काढला, माझा शर्ट पाठीमागनं ओढून धरला आन त्येच्यावर मोठी फुली मारली. "रिजेक्ट," म्हनले. "आमी रिजेक्ट नग फेकून देत न्हाई. परत भट्टीत घालतो. चल, लाग कामाला. एकटा. पहार दिसली तर बघ."

मी एकटाच लागलो. छन्नी आन हातोडी. खरजेचा एकेक गोळा काढला. सिमेंट असं धरून बसलेलं, की एका दिवसात वावभर भिंत सुदा निघायची न्हाई. आप्पा मागं खुर्ची टाकून बसलेले, इटला जरा धक्का लागला की "हळू! हळू!" गल्लीतली मानसं येऊन बघायची. एकानं इचारलं, "पावणं, खरूज बरी व्हायला लागली म्हना?" मी म्हनलो, "व्हय, डॉक्टर मागं बसल्यात."

पाचट निघालं तवा आप्पांनी ते हातात घेऊन बघितलं. काळं, भुगा झालेलं. चप्पल निघालं. आक्कांनी धुवून माझ्यापुढं ठेवलं. "न्या घराकडं. बायको इचारत असंल." खबदाड मोकळी झाल्यावर मी जुन्याच मापाच्या इटा आनल्या, दोन्ही बाजूच्या जुन्या इटांत दात घालून गुतवत वर न्हेल्या. सिमेंटाला आप्पांनी हात लावू दिला न्हाई. जुन्या भिंतीला चुनाच लागतो, सिमेंटानं ती गुदमरती, हे बावीस वर्षांपूर्वी कुनी सांगितलं असतं तर... पन मी इचारलं कुठं हुतं? गिलावा पन परत करायचा न्हाई असं ठरलं. इटा उघड्याच ठेवायच्या, नुसत्या मधल्या फटी चुन्यानं भरायच्या. आमी त्येला दर्जा भरनं म्हनतो. इटा धुतल्यावर लाल निघाल्या. गल्लीला म्हाईतच न्हवतं आत असली भिंत हाय. मला पन न्हवतं.

दिवाळीला आठ दिवस ऱ्हायलेले. आक्कांनी फोनवर ल्योकाला आत काय निघालं ते सांगून इंजिनेरला परत बोलवून घेतलं. मी खालच्या रांगंच्या दर्जा भरत हुतो. त्यो आला, आदी लांबनं बघितलं, मंग जवळनं. नव्या इटा जुन्यात कशा गुतवल्यात ते बोट घालून बघितलं. ओळंबा लावला. आप्पांनी त्येच्या हातात आपली हातोडी दिली आन म्हनले, "डोळं झाकून ठोका." त्येनं झाकलं. वरपासनं खालपतुर ठोकलं. आक्का दारात उभ्या, पदराचं टोक मुठीत.

इंजिनेरनं डोळं उघडलं. "काका, तुमचं बरोबर हुतं. भिंत चांगली हाय. निवांत ऱ्हावा. कागद मी आजच पाठवतो."

आक्का आत गेल्या. आतनं च्याच्या भांड्याचा आवाज आला, आन नाक वडल्याचा. आप्पा खुर्चीत बसले, टोपी काढली, परत घातली.

"पन एक सांगा," इंजिनेर म्हनला, "एवढी घान करून ठेवली कुनी हुती? कोल्हापुरातलाच मिस्त्री काय? नाव सांगा त्येचं. माझ्या एका कामावर त्येला पाय ठेवू देनार न्हाई. चार जनांना पन सांगतो."

मी थापी धरून तितंच बसलेलो. पाठ त्येंच्याकडं. मला वाटलं, आता वळावं आन सांगावं. सांगायचं हुतंच. पन तोंड उघडायच्या आदी आप्पा बोलले.

"वारला त्यो."

"अरेरे. कवा?"

"झाले असतील दोन म्हैनं."

"वय काय हुतं?"

"वय झालं न्हवतं," आक्का च्या घेऊन येत म्हनल्या. "शिव्या खाऊन खाऊन गेला."

इंजिनेरनं च्याचा कप हातात घेतला आन दोन मिंट गप ऱ्हायला. आप्पांनी मान खाली घातली. आक्कांनी पन घातली. मंग मी पन घातली. आपल्याच मरनाला हजर ऱ्हायचं म्हटल्यावर दुसरं काय करनार?

मान वर काढली तर आप्पा माझ्याकडं बघत हुते.

"काय रे, थांबलास कशाला?" म्हनले. "चुना सुकतोय."